वाचक विचारतात : आत काय, आणि कशाच्या आत?

गेल्या अंकात देवगडच्या एका निवृत्त गुरुजींचा 'इन्क्लूजन', म्हणजे आत असणं किंवा समावेश, या शब्दाबद्दलचा प्रश्न छापला, पण उत्तराला जागा उरली नाही. महिनाभरात त्याच धाग्याची इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यांनाच दिलं आहे. आयुष्यभर धातुशास्त्र शिकवल्यामुळे पोलादाबद्दल मी थोडं जास्त बोलेन, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : बाई, माझी मुलगी गणितात एम.एस्सी. आहे, जावई पोलाद कारखान्यात आणि सून औषध कंपनीत संशोधन करते. गणपतीत सगळी घरी होती. जेवताना तिघांच्याही बोलण्यात 'इन्क्लूजन' आलं. मुलगी म्हणाली, ते निरुपद्रवी असतं. जावई म्हणाले, तीच आमची डोकेदुखी. सून म्हणाली, आम्ही कधीकधी ते मुद्दाम होऊ देतो. कोणाचं खरं? (देवगड)

उत्तर : गुरुजी, तिघंही खरंच बोलत होती. काहीतरी कशाच्या तरी आत आहे, एवढंच तिघांत समान आहे. त्या आतल्या गोष्टीला प्रत्येक शास्त्र काय विचारतं, ते मात्र निराळं.

आधी मुलीचं. गणितात आत असणं म्हणजे एक अट पूर्ण करणं. सगळे पूर्णांक परिमेय संख्यांमध्ये येतात, सगळ्या परिमेय संख्या वास्तव संख्यांमध्ये. ५ हा आकडा पूर्णांकांत जो होता तोच वास्तव संख्यांतही आहे. त्याला काही झालं नाही, आणि त्याच्यामुळे इतरांनाही काही झालं नाही. म्हणून निरुपद्रवी. पण इथे तिला थोडं पुढे बोलतं करा. 'जिचा वर्ग २ येतो अशी संख्या द्या' म्हटलं तर परिमेय संख्यांत उत्तर नाही, वास्तव संख्यांत आहे. आणखी एक गंमत हाताने करून बघण्यासारखी आहे. कागदावर मधे भोक असलेली चकती काढा आणि भोकाला वळसा घालून दोऱ्याचं कडं ठेवा. दोऱ्याने चकती सोडायची नाही, भोकावरून जायचं नाही, अशी अट घातली तर ते कडं आवळून एका ठिपक्यात आणता येत नाही. आता तीच चकती सबंध कागदाचा भाग धरा. कडं सहज आवळलं जातं. दोरा तोच, चकती तीच, पण ती कशाच्या आत धरली त्यावर उत्तर फिरलं. टोपॉलॉजी नावाच्या शाखेत या फरकावर पिढ्यान्‌पिढ्या काम झालं आहे, आणि मुलीला ते सांगायला नक्की आवडेल.

जावयांची गोष्ट वेगळी. वितळलेल्या पोलादात विरघळलेला ऑक्सिजन काढायला अ‍ॅल्युमिनियम घालतात. त्याचं ऑक्साइड होतं, बरंचसं वर तरंगून स्लॅगमध्ये, म्हणजे वरच्या मळीत, जातं, काही बारीक कण आतच गोठतात. लोखंडाबरोबर आलेलं गंधक मँगनीजशी जुळून मँगनीज सल्फाइड होतं, तेही आतच राहतं. हे कण बहुधा काही मायक्रॉनचे असतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचे. तरी बेअरिंगची गोळी लाखो वेळा फिरते, तेव्हा पृष्ठभागाच्या जरा खाली बसलेला ऑक्साइडचा एखादा कडक कण तडा सुरू व्हायला पुरतो. जावई विचारतात ते 'किती मोठा, कुठे, कुठल्या आकाराचा' एवढंच.

सुनेचं काम जिवाणूंमध्ये चालतं. ई. कोलाय या जिवाणूत माणसाचं जनुक घालून प्रथिन बनवून घेतात. जिवाणूला घाईने इतकं प्रथिन करायला लावलं की त्याच्या घड्या नीट पडत नाहीत आणि त्याचे गठ्ठे साचतात. त्यांना इन्क्लूजन बॉडी म्हणतात. ते गठ्ठे जड असतात, वेगळे काढायला सोपे, आणि त्यात हवं ते प्रथिन बऱ्यापैकी शुद्ध मिळतं. मग ते विरघळवून पुन्हा योग्य घडीत आणावं लागतं, आणि खरं कौशल्य तिथे लागतं. माणसाचं इन्सुलिन १९८२ मध्ये बाजारात आलं ते जिवाणूंकडूनच करून घेतलेलं होतं.

प्रश्न : आमच्या बोटीचा शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) ऐन हंगामात तुटला. शाफ्ट नवा होता, स्टेनलेस. वर्कशॉपवाला म्हणतो मटेरियलमध्येच इन्क्लूजन होतं, माझा दोष नाही. खरं कसं ओळखायचं? (हर्णै)

उत्तर : दादा, तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवलेत का? नसतील तर आत्ता उचला, गोड्या पाण्याने धुवा, कोरडे करा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा. तुटलेली तोंडं एकमेकांवर घासू नका, वायरब्रश तर अजिबात लावू नका. सगळा पुरावा तिथेच आहे.

आता उन्हात तिरकं धरून ते तोंड बघा. बहुतेक वेळा दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, त्यावर एकात एक कमानी. ओहोटीला पाणी मागे सरताना पुळणीवर रेघा राहतात तशाच त्या दिसतात, आणि आमच्या शास्त्रात त्यांना नावही 'बीच मार्क' असंच आहे. दुसरा भाग खडबडीत, तो शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. म्हणजे तुमचा शाफ्ट एका दिवसात गेला नाही. तडा हळूहळू सरकत होता आणि उरलेली जागा भार घेईनाशी झाली तेव्हा तो सुटला. त्या कमानी उलट्या दिशेने, लहान लहान होत कुठे जातात ते शोधा. तडा तिथे जन्मला.

ती जागा पंखा शाफ्टवर पक्का धरणारी चावी, म्हणजे धातूची पट्टी, बसते त्या खाचेच्या टोकदार कोपऱ्यात निघाली तर दोष आकाराचा आहे, मटेरियलचा नाही. खाचेच्या कोपऱ्याला गोलाई हवी होती. ब्रिटनमध्ये इंग्लिस यांनी १९१३ मध्ये गणित करून दाखवलं होतं की भोक जितकं टोकदार, तितका त्याच्या टोकाशी ताण वाढतो. जागा शाफ्टच्या अंगावर, बुशाखाली किंवा स्टर्न ट्यूबमध्ये (शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीत) निघाली आणि तिथे टाचणीने टोचल्यासारखा खड्डा दिसला, तर काम समुद्राने केलं. आणि पृष्ठभागाच्या आत, चहूबाजूंनी धातू असताना मधेच एका ठिपक्यापासून कमानी सुरू होत असतील, तरच वर्कशॉपवाल्याचं म्हणणं सरळसरळ बरोबर ठरेल.

पण मधल्या शक्यतेत त्याचं अर्धं म्हणणं खरं असू शकतं. स्टेनलेसवर जे खड्डे पडतात ते पुष्कळदा पृष्ठभागावर उघड्या पडलेल्या मँगनीज सल्फाइडच्या कणापाशीच सुरू होतात. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्या कणाला धरतं, कण विरघळतो, खड्डा होतो, खड्ड्यातून तडा निघतो. म्हणून बार कुठल्या ग्रेडचा होता ते नक्की विचारा. ३०३ नावाच्या स्टेनलेसमध्ये गंधक जाणूनबुजून जास्त ठेवतात, किमान ०.१५ टक्के, कारण सल्फाइडच्या कणांमुळे लेथवर चिपा तुटत जातात आणि काम झटपट होतं. ३१६ मध्ये गंधक जास्तीत जास्त ०.०३ टक्के, शिवाय मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला बरंच थोपवतं. लेथवाल्याला सोयीचा तो कण समुद्रात घातक ठरतो. नुसतं 'स्टेनलेस द्या' म्हणून बार घेऊ नका. ग्रेड लिहिलेलं टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि शाफ्टवरचा जस्ताचा अ‍ॅनोड झिजला की बदला. हंगाम बुडाल्याचं दुःख मला कळतं. पुढचा शाफ्ट टिकावा म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

प्रश्न : मुरुडच्या किनाऱ्यावर काळ्या कातळाच्या एका उभ्या पट्ट्यात वेगळ्याच दगडाचे गोलसर तुकडे रुतलेले दिसले. नंतर कोणी सिमेंटने बसवले असतील का? (मुरुड)

उत्तर : कोणी बसवलेले नाहीत, आणि तुमचं भाग्य की ते तुमच्या गावात आहेत. मुरुड-जंजिरा परिसरात लॅम्प्रोफायर या खडकाचे डाइक आहेत. डाइक म्हणजे जुन्या खडकाची भेग फाडून वर आलेल्या शिलारसाची उभी भिंत. त्या शिलारसाने वर येताना खालच्या कवचातले तुकडे तोडून सोबत आणले. भूशास्त्रज्ञांनी मुरुडच्या तुकड्यांवर संशोधन केलेलं आहे, कारण कोकणाखाली कित्येक किलोमीटर खोल काय आहे, हे हातात धरून बघण्याची संधी अशीच मिळते. तेवढ्या खोलीवर भोक पाडून कोणी जाऊ शकत नाही. अशा परक्या तुकड्याला झेनोलिथ म्हणतात.

इथे भूशास्त्राचा प्रश्न एकच : आधी कोण? शिलारसात तुकडा सापडला, तर तुकडा शिलारसाआधी घट्ट झालेला असलाच पाहिजे. म्हणून आतला नेहमी बाहेरच्यापेक्षा वयाने मोठा. पण हा नियम डोळे मिटून लावू नका. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये पोकळ्या असतात आणि त्यात स्टिल्बाइटसारखे पांढरे-गुलाबी झिओलाइटचे स्फटिक सापडतात. तेही आतच आहेत, पण ते खडकाहून वयाने लहान. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे राहिले, आणि नंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्या स्फटिकांनी भरल्या. तेव्हा किनाऱ्यावर परत जाल तेव्हा कडा बघा. तुकड्याचे कण वेगळे आणि बाहेरचा खडक त्याला बिलगून गेलेला असेल, तर झेनोलिथ. पोकळीच्या भिंतीवरून स्फटिक आतल्या बाजूला वाढलेले दिसले, तर झिओलाइट. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. हातोडी मात्र नेऊ नका. आपल्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांना ते जागेवर दिसायला हवेत.

याच विषयात मला फार प्रिय असलेला एक माणूस आहे, हेन्री क्लिफ्टन सॉर्बी, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. स्फटिक वाढताना त्यात गरम द्रवाचे सूक्ष्म थेंब अडकतात. थंड होताना द्रव स्फटिकापेक्षा जास्त आकसतो आणि थेंबात एक बुडबुडा तयार होतो. सॉर्बींनी १८५८ मध्ये लिहिलं की हाच स्फटिक पुन्हा तापवला आणि बुडबुडा नाहीसा होण्याचं तापमान बघितलं, तर तो किमान किती उष्णतेत घडला हे कळेल. आजही सूक्ष्मदर्शकाखाली तापवायचा मंच लावून हेच करतात. पाचेक वर्षांनी याच सॉर्बींनी पोलादाचा तुकडा घासून, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि धातू सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचं आमचं शास्त्र तिथून सुरू झालं. आतलं काहीतरी बोलेल या भरवशावर एकच माणूस दगडाकडेही गेला आणि पोलादाकडेही.

हिऱ्यातल्या ज्या कणाला डाग म्हणत जवाहिरे किंमत पाडतात तोही बोलतो. ब्राझीलमधल्या जुइना भागातल्या एका हिऱ्यात केसाच्या जाडीपेक्षा लहान रिंगवूडाइटचा कण सापडल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. हे खनिज जमिनीखाली ४१० ते ६६० किलोमीटरच्या पट्ट्यात असावं असा अंदाज होता, पृथ्वीच्या पोटातून आलेला नमुना कोणी पाहिलेला नव्हता. त्या कणात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणीही निघालं.

प्रश्न : ग्रामपंचायतीसाठी आम्ही मुलांनी घरोघरी पाहणी केली. बाग असलेली, मासेमारी करणारी, होमस्टे चालवणारी अशा घरांची बेरीज गावातल्या एकूण घरांपेक्षा जास्त येते. सरपंच म्हणतात आकडे खोटे आहेत. (वेंगुर्ला तालुका)

उत्तर : आकडे खोटे असतीलच असं नाही. एका घराची बागही असेल आणि होडीही, ते दोनदा मोजलं गेलं. मी सोयीचे आकडे घेऊन दाखवते. समजा घरं ८०. बाग ४६, मासेमारी ३१, होमस्टे २२. बेरीज ९९. आता दोन-दोन गोष्टी असलेली घरं काढा : बाग नि मासेमारी १२, बाग नि होमस्टे ९, मासेमारी नि होमस्टे ७. एकूण २८, ती वजा करा, राहिले ७१. पण तिन्ही असलेली ४ घरं बेरजेत तीनदा आली होती आणि वजाबाकीत तीनदाच गेली, म्हणजे ती यादीतून पुसलीच गेली. ती ४ परत मिळवा. ७५. यांपैकी काहीच नसलेली घरं ५. नववीच्या पुस्तकात दोन संचांचं सूत्र आहे, तेच एक पायरी पुढे नेलं. त्या पाच घरांकडे सरपंचांचं लक्ष मुद्दाम वेधा. कुठल्याच रकान्यात न बसणारी माणसं बहुधा तिथे असतात, आणि योजना रकाने बघून येतात.

प्रश्न : रिक्त संच प्रत्येक संचाचा उपसंच असतो, असं पुस्तकात आहे. ज्यात काहीच नाही ते आत कसं? (इयत्ता नववी, चिपळूण)

उत्तर : बाळ, उलटं विचार. एखादा संच दुसऱ्याचा उपसंच नाही, हे सिद्ध करायला काय दाखवावं लागेल? पहिल्यातला असा एक घटक, जो दुसऱ्यात नाही. रिक्त संचात असा घटक शोध. मिळणार नाही, कारण त्यात घटकच नाहीत. म्हणून 'नाही' म्हणताच येत नाही. मात्र उपसंच असणं आणि घटक असणं यांत गल्लत करू नकोस. रिक्त संच प्रत्येक संचाचा उपसंच आहे, पण प्रत्येक संचाचा घटक नाही. तुझा प्रश्न चांगला आहे, वर्गातही विचार.

प्रश्न : कोळंबी प्रकल्पातल्या मेलेल्या कोळंब्या तपासायला दिल्या. रिपोर्टमध्ये पेशीकेंद्रात 'इन्क्लूजन बॉडीज' लिहिलंय. खाद्यात भेसळ होती का? (रायगड जिल्हा)

उत्तर : खाद्याचा याच्याशी संबंध नाही. पेशीच्या केंद्रात विषाणू स्वतःच्या प्रती जमवतो, केंद्र फुगतं, आणि रंग दिलेल्या काचपट्टीवर तो जमाव गोळ्यासारखा दिसतो. रोगनिदानात हे जुनं साधन आहे. रेबीजने मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूतले असे गोळे इटलीच्या नेग्री यांनी १९०३ मध्ये दाखवले, आणि कित्येक दशकं रेबीज त्यावरूनच ओळखत. तुमच्याकडे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा संशय घ्यायला हवा. पीसीआर चाचणी करून खात्री करा. तोवर तळ्याचं पाणी खाडीत सोडू नका, एका तळ्याची जाळी दुसऱ्यात वापरू नका, आणि बांधाला खेकड्यांसाठी कुंपण घाला, कारण खेकडे हा विषाणू वाहून आणतात. माणसाला तो होत नाही, घरात घाबरू नका.

प्रश्न : गुडघेदुखीच्या गोळीच्या पाकिटावर पिरॉक्सिकॅमच्या पुढे 'बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन' आहे. दोन औषधं एकत्र आहेत का? (राजापूर)

उत्तर : औषध एकच. सायक्लोडेक्स्ट्रिन हे ग्लुकोजचे रेणू कड्यासारखे जोडून झालेलं असतं, बीटा प्रकारात सात. कड्याच्या पोकळीत पिरॉक्सिकॅमचा रेणू बसतो. पक्का रासायनिक बंध नसतो, म्हणून पोटात तो सुटतो, आणि पाण्यात लवकर विरघळल्याने लवकर शोषला जातो. निसर्गात पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन असाच कोंडलेला सापडतो. भारताच्या २००६ च्या मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात तो मिळाला. आपल्या बाजूला केरळ-कोकण खोऱ्यातही एक ठिकाण खणलं होतं, तिथे काही मिळालं नाही. गोळी मात्र जेवणानंतर आणि डॉक्टरांनी सांगितली तितकीच घ्या. पिरॉक्सिकॅम पोटाला लागतं.

प्रश्न : आई ७१ वर्षांची. रक्तदाबाच्या नव्या औषधाच्या अभ्यासात तिचं नाव घ्यायला आम्ही शहरात गेलो होतो. 'निकषांत बसत नाहीत' म्हणून परत पाठवलं. आम्ही खेड्यातले म्हणून का? (दापोली तालुका)

उत्तर : ताई, आईंना परत पाठवताना कोणी दोन मिनिटं बसून कारण सांगितलं नाही, हे मला फार लागलं. कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

औषधाच्या चाचणीत कोणाला घ्यायचं नि कोणाला नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावं लागतं. मूत्रपिंड नीट चालत नसेल, दुसरी औषधं चालू असतील, तर नव्या औषधाने इजा होण्याची भीती असते, म्हणून वगळतात. ती अट अनेकदा रुग्णाच्या भल्यासाठीच असते. पण तिची किंमत मोजावी लागते, ती नंतर. चाचणीचं उत्तर ज्यांना आत घेतलं त्यांच्याबद्दलच पक्कं असतं. परिमेय संख्यांत सिद्ध झालेलं वास्तव संख्यांत आपोआप लागू होत नाही, तसंच हे. आणि बाजारात आल्यावर गोळी लिहून मिळते ती बहुतेक आईंसारख्यांनाच, ज्यांना रक्तदाबासोबत साखर आहे, गुडघे आहेत, वय आहे.

अमेरिकेत १९७७ पासून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सुरुवातीच्या औषध-चाचण्यांतून दूर ठेवण्याची सूचना होती, ती १९९३ मध्ये मागे घेतली. झोल्पिडेम हे झोपेचं औषध १९९२ पासून स्त्री-पुरुषांना एकाच मात्रेत दिलं जात होतं. बायकांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त उरतं हे मान्य होऊन त्यांची शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला २०१३ उजाडलं. वीस वर्षं कितीतरी बायका सकाळी गुंगीत गाडी चालवत असतील. वगळणं हा कागदावरचा एक रकाना असतो, पण त्याचा परिणाम असा घरात शिरतो. म्हणून मला वाटतं की वयस्कर, दोन-तीन आजार असलेल्या माणसांसाठीही चाचण्या आखल्या पाहिजेत, आणि त्या जिल्ह्याच्या गावी व्हायला हव्यात.

आता काय करायचं ते सांगते. भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' इथे नोंदणी सक्तीची आहे आणि ती कोणालाही बघता येते. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक मागून घ्या. त्या पानावर समावेशाच्या आणि वगळण्याच्या अटी लिहिलेल्या असतात. वयाची कमाल मर्यादा ६५ किंवा ७० दिसली तर उत्तर तिथेच मिळालं, गावाचा संबंध नाही. वयात बसत असतील तर आईंचा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा), साखर आणि चालू गोळ्यांची यादी त्या अटींशी ताडून बघा, आणि ती यादी घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. पुढेमागे हेच औषध त्यांना लिहून दिलं गेलं, तर 'माझ्या आईसारख्यांवर हे तपासलं आहे का?' असं स्पष्ट विचारा.